गुणगुणण्याचा परवाना

"वहिनी, दुकानात काय हवं ते बदला, पण जे आपोआप चाललंय ते कागदावर आणू नका."

शेजारच्या शिंपीमास्तरांनी तिला हे अगदी स्पष्ट सांगितलं होतं. तोंडातल्या टाचण्या काढून, तळहातावर ठेवून सांगितलं होतं. आणि मास्तर टाचण्या फक्त गंभीर प्रसंगीच काढत. तरी तिने ते मनावर घेतलं नाही. त्यालाही कारण होतं. मास्तर कुणाचंही माप कधी लिहून ठेवत नसत. सगळं डोक्यात. त्याचा परिणाम तिच्या नवऱ्याच्या पँटींवर रोज दिसायचा. डावा पाय घोट्याशी थांबायचा आणि उजवा चपलेत शिरायचा. अशा माणसाने कागदाविषयी मत द्यावं आणि पदवीधर बाईने ते ऐकून घ्यावं, अशी वेळ काही आपल्यावर आलेली नाही, असं तिला वाटलं. वेळ आलेली होती. ते नंतर कळलं.

दुकान म्हणजे सात टेबलांचं खाण्याचं ठिकाण. सूप, पाव, आम्लेट, केक, कॉफी. मागे भट्टी, तिथे नवरा. पुढे काउंटर, आणि काउंटरमागे एक उंच स्टूल. ते तिचं. सहा वर्षं ती त्या स्टुलावर बसली होती. कुणाला कॉफी कडक लागते, कोण सूप परत पाठवतं, कोण दोन माणसांच्या टेबलावर एकटं बसून चार माणसांचा वेळ घेतं, हे तिला पाठ होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, आणि घरातून उतरणारा लाकडी जिना थेट काउंटरच्या मागे. बाळ झालं तेव्हा ती त्या जिन्याने वर गेली आणि स्टुलावर नणंद बसली. दोन महिन्यांसाठी. आता बाळ अकरा महिन्यांचं होतं, रांगत होतं, खाली दोन दात आले होते. ते दोन महिने मात्र काही संपायला तयार नव्हते.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. सगळे तिला ताई म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा. ताई अठरा वर्षं एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत होत्या. डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी. वाचनालय बंद झालं आणि ताई मोकळ्या झाल्या. बाई साधी. कधी आवाज चढला नाही, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. काम करताना गुणगुणायच्या.

ते गाणं नव्हतं. त्याला शब्द नव्हते, नीट सुरुवात नव्हती, आणि शेवट तर कुणी कधी ऐकलाच नव्हता. तोंड मिटलेलं, हात कपबशा पुसताहेत, आणि नाकाच्या वर कुठेतरी एक चाल जिना चढल्यासारखी चढतेय, मधल्या पायरीवर थांबतेय, पुन्हा दोन पायऱ्या उतरतेय. वर, बाळाच्या खोलीत, तो आवाज फळ्यांच्या फटींतून यायचा. तिने दाराच्या खाली टॉवेल लावून पाहिला होता. आवाज दाराखालून येतच नव्हता, तो जमिनीतून येत होता. बाळाच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून ती काळजीत असायची, कारण बाळाची झोप ही त्या वर्षातली तिची एकुलती एक कर्तबगारी होती. बाळांच्या झोपेवरचं एक जाड पुस्तक तिने आणलं होतं. पडदा अर्धा, चादर दुमडलेली, पाठीवर एकवीस वेळा थोपटणं, मोजून. बाळ रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी झोपायचं ते थेट साडेबारा. दवाखान्याच्या रांगेत भेटलेल्या तीन आयांना तिने ही पद्धत समजावून सांगितली होती. तिघींच्या डोळ्यांखाली काळं होतं. तिला त्यांची कीव आली होती आणि ती कीव तिला फार आवडली होती.

तर एका सकाळी ती बाळाला कडेवर घेऊन खाली आली. सहज. आणि स्टुलाकडे पाहून थबकली. स्टुलावर उशी होती. विणलेली, निळी, मधोमध खड्डा पडलेली. एवढा खड्डा दोन महिन्यांत पडत नाही. पेनांच्या मगात तिच्या पेनांऐवजी ताईंच्या चष्म्याचं घर उभं होतं. समोरच्या टेबलावर दातांचे डॉक्टर बसले होते, समोरच्याच इमारतीत त्यांचा दवाखाना. तिच्या काळात हे डॉक्टर उभ्या उभ्या कॉफी पिऊन जायचे. आता बसले होते, तेही पाय लांब करून.

"काय डॉक्टर, आज दवाखाना बंद?"

"छे, दोन पेशंट बसलेत. पण काय आहे वहिनी, हल्ली इथे बसलं की बरं वाटतं."

'हल्ली' हा शब्द घेऊन ती वर गेली. दिवसभर तो शब्द तिने उलटसुलट करून पाहिला. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "हल्ली म्हणजे कधीपासून?"

"काय हल्ली?"

"काही नाही."

"बरं," नवरा म्हणाला. तो सगळ्याला बरं म्हणायचा. लग्नाआधी तिला तो स्वभावाचा गोडवा वाटला होता.

बाळासाठी तिची एक वही होती. दूध किती, झोप किती, लंगोट किती. त्यात तिने चौथा रकाना आखला. जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलं की काउंटर दिसायचा आणि आपण कुणाला दिसायचो नाही. तिथून तिने आठ दिवस नोंदी केल्या. 'डॉक्टर : सत्तेचाळीस मिनिटं. शिंपीमास्तर : कॉफी एक, बसले पाऊण तास. टंकलेखक बाई : आल्या, डोळे मिटून बसल्या, केक खाल्लाच नाही, हसत गेल्या.' याच पानावर बाळाच्या नोंदीही होत्या, त्यामुळे एकदा चुकून टंकलेखक बाईंच्या नावापुढे 'ढेकर नीट आली' असंही लिहिलं गेलं. आठ दिवसांनी निष्कर्ष निघाला. लोक त्या गुणगुणण्यासाठी येत होते. कुणी तसं म्हणत नव्हतं, बहुधा कुणाच्या लक्षातही नव्हतं, पण ताई कोठीत गेल्या आणि आवाज थांबला की माणसं घड्याळं बघायची. ताई परत आल्या की पुन्हा पाय लांब.

ती कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती. तिने स्वतःला तसं तीनदा सांगितलं. फक्त, इतकी वर्षं आपण जे हसून बोललो, नावानिशी विचारपूस केली, सूप आवडलं का म्हणून विचारलं, ते सगळं एका बाईने तोंडसुद्धा न उघडता मागे टाकावं, याला काही अर्थ?

"दुकानात संगीत हवं," जेवताना ती म्हणाली. "हल्ली सगळीकडे असतं. मंद, मागे वाजणारं."

"बरं."

"ताईंना त्रास नाही ना व्हायचा?"

"मला कसला त्रास?" ताई म्हणाल्या. "मला तर आवडेल. वाचनालयात अठरा वर्षं काही ऐकलंच नाही."

ही बातमी गल्लीत पसरायला एक सकाळ पुरली. डॉक्टर म्हणाले, काहीही लावा पण ढोल नको, समोर माझ्या हातात ड्रिल असतं आणि हात ठेका धरतो. मास्तर म्हणाले, जलद लावलंत तर माझं मशीन त्याच्या मागे पळेल आणि शिलाई वाकडी जाईल. (ती आत्ता सरळ जात होती अशी त्यांची समजूत असावी.) औषधांच्या दुकानातले म्हणाले, बासरी लावाल तर गिऱ्हाईक झोपेल, सतार लावाल तर रडेल, व्हायोलिन लावाल तर बायको आठवेल आणि खाणं अर्धं टाकून घरी जाईल. टंकलेखक बाई एवढंच म्हणाल्या, "कशाला? आहे की." काय आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

वायरमन आला. त्याने खोक्यातून चार स्पीकर काढले, चहूकडे पाहिलं आणि तीन कोपऱ्यांत तीन लावले. चौथ्या कोपऱ्यात फ्रीज होता.

"चौथा राहू दे," ती म्हणाली.

"राहू कसा दे? सेट आहे," तो म्हणाला आणि चौथा त्याने टॉयलेटमध्ये लावला. वायर कमी पडत होती म्हणून सगळ्या यंत्राची वीजही तिथल्याच दिव्याच्या बटणावरून घेतली. "एकदम पक्कं काम आहे वहिनी. तुम्ही बघालच."

सगळ्यांनीच पाहिलं. यंत्र लावलं आणि काही वाजेना. सकाळभर ती बटणं फिरवत राहिली. साडेदहाला डॉक्टर उठले, टॉयलेटमध्ये गेले, दिवा लावला, आणि दुकानभर वीस व्हायोलिनं एकदम सुरू झाली. सात टेबलांवरच्या माना वर झाल्या. डॉक्टर बाहेर आले, दिवा बंद केला आणि व्हायोलिनं थांबली. सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं. पण डॉक्टर आत किती वेळ होते हे सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांना कळलंय हे डॉक्टरांना कळलं होतं.

वायरमनचा फोन लागेना. दोन दिवस दुकानात संगीत फक्त गरजेपुरतं वाजलं. मास्तर गेले तर अर्धं कडवं. औषधवाले गेले तर अख्खं एक गाणं, दुसऱ्याची सुरुवात, आणि मग बाहेर येऊन कुणाच्या नजरेला नजर न देता थेट रस्त्यावर. टंकलेखक बाईंनी तर दुपारचं पाणी पिणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी तिला तोड सुचली. टॉयलेटचा दिवा कायम चालूच ठेवायचा. संगीत अखंड सुरू झालं आणि तिला वाटलं, आपण जिंकलो. पण त्या दारावर एक काच होती, आणि काचेत उजेड दिसला की आत माणूस आहे हे गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं माहीत. दुपारी ती जिन्यावरून बघते तर रिकाम्या टॉयलेटसमोर चार माणसांची रांग. शिस्तीत उभी, एकमेकांना आतल्या माणसाच्या तब्येतीविषयी चिंता बोलून दाखवत. मग तिने दारावर पाटी लावली. 'दिवा चालू असला तरी आत कोणी नाही.' दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाटी वाचली, विश्वास ठेवला आणि दार ढकललं. कडी तशीही सैल होती. आत डॉक्टर होते.

डॉक्टर तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, भिंतीकडे तोंड करून बसले.

हे सगळं तिने सोसलं असतं. मोठ्या कामात छोट्या अडचणी यायच्याच. खरा घाव वेगळाच होता. यंत्र वाजत होतं, आणि ताई त्याच्याखालून गुणगुणतच होत्या. यंत्राच्या सुरावर नव्हे, स्वतःच्याच वाटेने; दोन गाण्यांच्या मधल्या फटीत तो आवाज असा वर यायचा की सात टेबलांवरची माणसं नकळत काउंटरकडे झुकायची. चार स्पीकर आणि एक ताई. सहाव्या पायरीवर बसून तिने वहीत लिहिलं, 'यंत्र : उपयोग नाही.'

त्याच आठवड्यात सर्दी झालेला एक माणूस कॉफी प्यायला, आणि मग टॉयलेटमध्ये गेला. आत गेला तेव्हा गिऱ्हाईक होता, बाहेर आला तेव्हा निरीक्षक. रुमालाने नाक पुसत त्याने ओळखपत्र दाखवलं.

"आत संगीत वाजतंय. परवाना?"

"त्याला परवाना लागतो?" नवऱ्याने विचारलं.

"घरी वाजवा, नाही लागत. चारचौघांत वाजवलं की लागतो. श्रवणक्षम आसनं किती?"

"म्हणजे?"

"जिथे बसून ऐकू येतं अशा जागा."

"सात टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या."

"एकोणतीस," निरीक्षक म्हणाला आणि टॉयलेटच्या दाराकडे पाहिलं. "बसतात ना? ऐकू येतं ना?"

तो फॉर्म ठेवून गेला. सहा पानी. भरण्याचं काम साहजिकच पदवीधर व्यक्तीकडे आलं. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला, बाळ नुकतंच झोपलेलं, ती खिडकीशी फॉर्म घेऊन बसली. यंत्राची क्षमता, भिंतींची जाडी, स्वयंपाकघरापासूनचं अंतर. चौदाव्या प्रश्नाशी पेन थांबलं. 'आस्थापनेत यंत्राखेरीज कोणी व्यक्ती गाते, वाजवते, शीळ घालते अथवा गुणगुणते काय? असल्यास, किती वेळ?'

जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने इथे 'नाही' लिहिलं असतं. पायाखालच्या फळ्यांतून तो आवाज येत होता, जिना चढत, मधल्या पायरीवर थांबत. तिने स्वतःला समजावलं की सरकारी कागदावर खोटं लिहिणं गुन्हा आहे. इतका प्रामाणिकपणा तिला आयुष्यात कधी सुचला नव्हता. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'होय. एक व्यक्ती. दिवसभर.'

साक्षीदार म्हणून सही हवी होती, ती मास्तरांची घेतली. मास्तरांनी चष्मा लावून चौदावा प्रश्न वाचला, टाचण्या काढल्या, आणि ते जे काय बोलले ते सुरुवातीलाच सांगून झालं आहे. सही मात्र केली. तीही एका बाजूला आखूड आली.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला, मालकाच्या नावाने. यंत्राचा परवाना मंजूर. खाली वेगळा परिच्छेद होता, आणि नवऱ्याने तो काउंटरवर उभं राहून, भट्टीच्या पिठाने माखलेल्या हातांनी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "'प्रश्न चौदामध्ये नमूद केलेल्या व्यक्तीचे गुणगुणणे हे विनापरवाना जिवंत सादरीकरण ठरते. सबब स्वतंत्र परवाना मिळेपर्यंत सदर व्यक्तीने गुणगुणणे तत्काळ बंद ठेवावे.' हे कुणाबद्दल आहे?"

ती बाळाला घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. या क्षणाची तिने मनात बरीच तयारी केली होती. ताई चिडतील, गोऱ्यामोऱ्या होतील, कुणीतरी हसेल, असं काहीसं.

ताईंनी कपबशी खाली ठेवली. "कोण गुणगुणतं इथे?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेले डॉक्टरही वळले.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही."

"मी?"

"दिवसभर. आम्ही येतो कशाला, तुम्हाला काय वाटलं? कॉफीसाठी?"

"कॉफी चांगली असते," नवरा म्हणाला.

"असते. पण सत्तेचाळीस मिनिटांची नसते."

ताई लाल झाल्या. मानेपासून कपाळापर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे वाचनालयातसुद्धा?" डॉक्टर कॉफी ढवळायला लागले. "अठरा वर्षं," ताई म्हणाल्या. "त्या पाटीखाली. आणि मला कुणी बोललं नाही." संध्याकाळी त्यांनी निवृत्त ग्रंथपालांना दिलगिरीचं पत्र लिहायला घेतलं. नवऱ्याने कसंबसं थांबवलं.

हुकूम म्हणजे हुकूम. फॉर्म कुणी भरला होता, हे विचारायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. ताईंनी ते पत्र काउंटरमागे टाचणीने लावलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून चकार सूर निघाला नाही. आधी गुणगुणणं गेलं, मग बोलणं कमी झालं, कारण बोलता बोलता चुकून सुटेल अशी त्यांना धास्ती. कप पुसताना ओठ दातांखाली धरायच्या. यंत्र मात्र वाजत राहिलं, रीतसर, परवान्यासह, एकोणतीस आसनांसाठी. आसनं रिकामी होत गेली. डॉक्टर दवाखान्यातच कॉफी मागवू लागले. नवऱ्याचे पाव करपायला लागले. तो ताईंच्या चालीवर भट्टी उघडायचा, हे त्यालाही तेव्हाच समजलं. "तिसऱ्यांदा चाल वरच्या पायरीवर गेली की पाव काढायचे," असं काहीतरी तो सांगत होता. तिला वाटलं, निदान आता आपली पाळी. आता आपण खाली जाऊ.

पण तिला खाली जाता येईना, कारण बाळ झोपेना.

अकरा दहा झाले. पडदा अर्धा, चादर दुमडलेली, एकवीस वेळा थोपटलं. बाळ टक्क जागं. बेचाळीस वेळा थोपटलं. बाळाने डोकं उचललं, कान जमिनीकडे केल्यासारखा केला, वाट पाहिली, आणि भोकाड पसरलं. पहिल्या दिवशी तिने दातांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी हवेला. तिसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. चौथ्या दिवशी, बाळाला खांद्यावर टाकून खोलीत येरझाऱ्या घालताना, तिने वही उघडली आणि दोन रकाने शेजारी शेजारी पाहिले. ताई रोज अकराला कपबशा पुसायला घ्यायच्या. साडेबाराला, जेवणाची गर्दी सुरू झाली की थांबायच्या. अकरा महिने. एकही दिवस चुकला नव्हता.

ती पलंगावर बसली. गिऱ्हाईकं गेली ते तिला चाललं असतं. स्टूल गेलं तेही. पण बाळाची झोपसुद्धा त्याच बाईची असावी? ते पुस्तक, तो पडदा, दवाखान्याच्या रांगेतल्या त्या तीन आया? तिने स्वतः गुणगुणून पाहिलं. बाळाने रडणं थांबवलं, तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, अगदी दातांच्या डॉक्टरांसारखं, आणि मग दुप्पट रडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती बाळासकट कचेरीत गेली. "चौदावा प्रश्न मला मागे घ्यायचाय," तिने सांगितलं.

"मागे घ्यायची सोय नाही," निरीक्षक म्हणाला. सर्दी अजून होतीच. "जिवंत सादरीकरणाचा परवाना काढा. मी येतो, ती व्यक्ती तीन मिनिटं नमुना सादर करेल, मी ऐकेन, शिक्का मारेन. सोपं आहे."

त्याला ते सोपं वाटलं यात त्याचा दोष नाही.

नवऱ्याने ताईंना तयार केलं. ठरल्या दिवशी यंत्र बंद होतं. निरीक्षक तीन नंबरच्या टेबलावर घड्याळ काढून बसला. डॉक्टर, मास्तर, टंकलेखक बाई, सगळे मुद्दाम आले होते, आपापलं काम टाकून. ताई काउंटरपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, वक्तृत्वस्पर्धेतल्या मुलीसारख्या.

"करा सुरू," निरीक्षक म्हणाला.

ताईंनी तोंड मिटलं. काही आलं नाही. घसा खाकरला. नवऱ्याने हातात एक कप आणि फडकं दिलं, सवय आहे म्हणून. ताई कप पुसत राहिल्या, जोरजोरात, कान लाल करून, आणि काही आलं नाही. "काय गुणगुणायचे मी?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, डॉक्टरांनी दुरुस्ती केली, टंकलेखक बाई म्हणाल्या नाही, असं नव्हतं. तिघांनी तीन चाली म्हणून दाखवल्या. ताई लक्षपूर्वक ऐकत होत्या, दुसऱ्याच्या हरवलेल्या वस्तूचं वर्णन ऐकावं तशा.

तीन मिनिटं झाली. निरीक्षकाने फाइल उघडली. "पण इथे तर 'दिवसभर' लिहिलंय," तो म्हणाला आणि पुराव्यासाठी कागद ताईंसमोर धरला.

ताईंनी वाचला. बाळाच्या दुधाच्या वेळा बघायला त्या रोज ती वही उघडायच्या. दूध, झोप, लंगोट, आणि चौथा रकाना. ते अक्षर त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलायला गेली, नेमक्या त्याच वेळी बाळाने ताईंकडे झेप घेतली.

ताईंनी बाळाला घेतलं. "अक्षर चांगलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "इतका स्वच्छ भरलेला फॉर्म मी कमी पाहिलाय."

"ताई, माझं ऐका ना. मला असं नव्हतं..."

"अगं, खोटं कुठे लिहिलंयस? खरंच आहे." बाळाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. एकदा, मोजून नव्हे. "आणि दोन महिने झाले असतील आता. नाही का?"

पुढच्या सोमवारी त्या गेल्या. भांडण नाही, अबोला नाही. जाताना उशी न्यायला विसरल्या, की मुद्दाम ठेवून गेल्या, ते तिला कळलेलं नाही. नवऱ्याने विचारलं, एवढी घाई काय होती तिला? तिने सगळं सांगितलं. प्रश्न चौदा, वही, सहावी पायरी, सगळं. त्याने ऐकून घेतलं. त्या एका वेळी तो 'बरं' म्हणाला नाही.

आता स्टुलावर ती बसते. डॉक्टर येतात, उभ्यानेच पितात, चांगलं बोलतात. यंत्र वायरमनला परत दिलं. त्याने तीनच स्पीकर नेले, चौथा अजून टॉयलेटमध्ये आहे, मुका. बाळ बारा-साडेबाराकडे कधीतरी थकून झोपतं, पाऊण तास. तिच्याही डोळ्यांखाली आता काळं आहे.

नदीपलीकडे सरकारी कचेऱ्यांची जी मोठी इमारत आहे, तिच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात ताई सध्या असतात. दाराशी कुपनं देतात. फोन केला की म्हणतात, "मी मजेत, बाळ कसंय?" एवढंच. एकदा ती बाळाला घेऊन तिथपर्यंत गेलीही होती. आत जायचं धाडस झालं नाही, काचेबाहेर उभी राहिली. छतात ओळीने स्पीकर होते, दणदणीत वाजत होते, काचसुद्धा थरथरत होती. ताई कुपनं फाडून देत होत्या. रांगेतला एक कारकून उगाचच तिथे रेंगाळला होता, आणि त्याचं ते रेंगाळणं तिला आवडलं नाही. ताईंचं तोंड मिटलेलं होतं. पण गुणगुणणारं माणूस तोंड मिटूनच गुणगुणतं, त्यामुळे काचेतून काय कळणार?

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. त्या इमारतीत कामं सगळ्यांनाच पडतात, तुम्हालाही कधीतरी पडेल. खाली जा, एक कॉफीचं कुपन घ्या. घेताना सुट्ट्या पैशांच्या निमित्ताने जरा वाका आणि स्पीकरच्या खालून काही येतंय का ते ऐका. येत असेल तर तिला आनंद होईल. थोडा जळफळाटही होईल, तो ती आवरेल. येत नसेल तर उद्या पुन्हा जा, जमलं तर अकराच्या सुमाराला. ताईंची पाठ दुखते का, खुर्चीवर काही मऊ आहे का, तेही बघा. पण त्यांना काही विचारू नका. विचारलं की त्यांना कळेल.